आचंद्रार्क सही

तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी शनिवारी आमच्याकडे येते. आमच्याकडे म्हणजे एका मित्राच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये, जिथे आम्ही तीन-चार नोकरदार प्रोग्रामर आणि दहा-बारा विद्यार्थी चहा पीत दुसऱ्यांचा कोड वाचत बसतो. यंदाच्या जूनमध्ये तिने कॅलेंडरच्या एका ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो अशा, प्रकल्पातली चूक पकडली. भाषा मराठी केली की महिन्यांची लघुरूपं अशी दिसायची: ‘मार’, ‘एप्’, ‘सप्’, ‘ऑक्’. लिहिणाऱ्याने इंग्रजीच्या सवयीने नावातली पहिली तीन चिन्हं कापली होती. देवनागरीत त्याने जोडाक्षर मधोमध तुटतं हे त्याच्या गावीही नव्हतं. पोरीने अकरा ओळींत ते दुरुस्त केलं, पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘हा बदल घ्या’ अशी विनंती, पाठवली आणि अर्ध्या मिनिटात बॉटचं, म्हणजे आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रामचं, उत्तर आलं. लाल फुली. करारावर सही नाही.

फॉर्ममध्ये नाव, टपालाचा पत्ता, देश आणि ‘एम्प्लॉयर’ असे रकाने. “सर, एम्प्लॉयरमध्ये कॉलेजचं नाव टाकू का?” मी “नको” म्हणालो आणि गप्प बसलो, कारण का नको ते मला नीट सांगता येईना. पुढचा प्रश्न वयाचा निघाला. ती सतरा वर्षांची. घरी विचारून ये म्हटलं, तर पुढच्या शनिवारी वडीलच आले. पतसंस्थेत वसुलीचं काम करणारा माणूस. जामीनदारांच्या सह्यांचं पुढे काय होतं ते रोज बघणारा. मी कराराचा गोषवारा मराठीत सांगितला: कायमस्वरूपी, जगभर, विनामोबदला, मागे न घेता येणारा हक्क, आणि तो पुढे कुणालाही देण्याची मुभा. त्यांनी चष्मा पुसला आणि एवढंच विचारलं, “बरं, आणि ते काय लिहून देणार?”

या कॉन्ट्रिब्युटर लायसन्स अ‍ॅग्रीमेंटवरून, म्हणजे सीएलएवरून, आमच्या वर्तुळात बरेच दिवस वाद चालू आहे. पण वसुली अधिकाऱ्याला पहिल्या मिनिटात सुचलेला हा प्रश्न त्यात कुणी विचारताना दिसत नाही. एक बाजू म्हणते, हे कागद विद्यार्थ्यांना घाबरवतात, फाडून टाका. दुसरी म्हणते, विद्यार्थी कचरा आणून ओततात, कागद आहे म्हणून निदान थोडा गाळ अडतो. मला दोन्ही बाजू मूळ मुद्दा सोडून भांडताना दिसतात. माझं म्हणणं सरळ आहे. विद्यार्थ्याकडून मागे न घेता येणारा हक्क लिहून घ्यायचा असेल, तर प्रकल्पानेही तितकंच पक्कं वचन लिहून द्यावं. ते द्यायची तयारी नसेल तर ‘हे मी लिहिलं आहे’ एवढ्या एका ओळीच्या साइन-ऑफवर भागवावं. आणि आपल्याकडे खरा अडसर परदेशातल्या कंपनीच्या फॉर्मपेक्षा आपल्याच कॉलेजच्या मौनात आहे.

आधी ‘गाळ अडतो’वाल्यांचं ऐकू, कारण त्यांचा राग खोटा नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये डिजिटलओशन या कंपनीच्या हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स मोहिमेत टी-शर्ट मिळवण्यासाठी जगभरच्या रेपोंवर, म्हणजे प्रकल्पांच्या कोडच्या कोठारांवर, फुटकळ पुल रिक्वेस्टींचा पाऊस पडला. कुणी वाचा-फाइलीत, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या README फाइलीत, एक विशेषण घातलं, कुणी एक रिकामी ओळ. आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलून ‘ज्या प्रकल्पाला हवं त्यानेच सामील व्हावं’ असं करावं लागलं. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या वेबसाइटी बनवायच्या नामांकित प्रकल्पावर हीच वेळ आली: गिटहब हे कोड ठेवायचं संकेतस्थळ शिकवणाऱ्या एका भारतीय व्हिडिओत उदाहरणादाखल तो रेपो दाखवला होता, आणि पाहणाऱ्यांनी खरोखरच त्याच्या वाचा-फाइलीत आपापली नावं घालून पाठवायला सुरुवात केली. प्रकल्प सांभाळणाऱ्या, फुकट काम करणाऱ्या मेंटेनरने सकाळी उठून हे निस्तरायचं. त्याचा तोल गेला तर त्याला दोष कोण देणार?

पण कराराने यातलं काय अडलं असतं? बॉट फुली दाखवतो तो पुल रिक्वेस्ट आल्यानंतर. तोवर सूचना गेलेली असते, इनबॉक्स भरलेला असतो. ज्याला टी-शर्ट हवा आहे तो ‘मान्य आहे’वर न वाचता टिचकी मारतो, रोज दहा ॲपना तो तेच करतो. थबकतो तो वाचणारा. म्हणजे ही चाळणी उलटी आहे: खडे खाली जातात आणि तांदूळ वर अडकतो. आमच्या त्या पोरीने ‘एम्प्लॉयर’वर बोट ठेवून विचारलं, म्हणून ती अडली. तिने कॉलेजचं नाव ठोकून दिलं असतं तर अकरा ओळी त्याच दिवशी पुढे सरकल्या असत्या आणि प्रकल्पाच्या दप्तरी एक खोटं विधान जमा झालं असतं.

ज्यांना खरंच फसवायचं आहे त्यांच्यापुढे तर कागद म्हणजे काहीच नाही. २०२१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, मुद्दाम सदोष पॅच (कोडमधले बदल) पाठवून ते कुणाच्या लक्षात येतात का याचा ‘प्रयोग’ केल्याचं उघड झालं. कर्नलचे एक मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी अख्ख्या विद्यापीठाचे पॅच घेणं थांबवलं आणि जुने शंभरावर बदल पुन्हा तपासायला काढले. हा नवशिक्यांचा गोंधळ नव्हता. प्रौढ, शिकलेल्या लोकांनी बनावट ईमेल पत्त्यांवरून केलेला उद्योग होता. २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात मागचं दार बसवणाऱ्याने तर बनावट नावाने दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास कमावला. अशा माणसाने सीएलएवर सही केली नसती? वळणदार अक्षरात केली असती.

‘कागद फाडा’ म्हणणाऱ्यांपुढचा पेच मात्र याहून अवघड आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. करार मागणारे सगळेच लबाड नसतात. शेकडो लोकांनी लिहिलेल्या प्रकल्पाचा परवाना, म्हणजे त्याचा कोड कुणी कोणत्या अटींवर वापरावा ते सांगणारा कागद, बदलायची वेळ आली की काय होतं ते फायरफॉक्सवाल्या मोझिलाने भोगलं आहे: २००१ च्या सुमाराला हाती घेतलेलं परवाना बदलाचं काम २००६ मध्ये संपलं, कारण एकेका जुन्या लेखकाला शोधून त्याची परवानगी घ्यायची होती. नोकऱ्या बदललेले, ईमेल बंद झालेले, विसरलेले लोक. इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या ओपनएसएसएलने २०१५ मध्ये अपाची परवान्याकडे जायचं जाहीर केलं. त्या परवान्याखालची ३.० ही आवृत्ती २०२१ मध्ये आली. मधे त्यांनी जुन्या योगदात्यांना ‘तुमच्याकडून उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं धरू’ अशी पत्रं पाठवली आणि शिव्या खाल्ल्या. मौनं संमतिलक्षणम् हे लग्नाच्या बोलणीत चालत असेल, कॉपीराइटमध्ये चालत नाही. उलट आपल्या रोजच्या वापरातलं उदाहरण घ्या. लोहित फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आले, रेड हॅट या लिनक्स कंपनीने ते जीपीएलखाली, म्हणजे ‘बदलून वाटलंत तरी खुलंच ठेवा’ म्हणणाऱ्या परवान्याखाली, खुले केले आणि २०११ मध्ये ओपन फॉन्ट लायसन्सखाली आणले. त्या बदलाचा लाभ लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला झाला. हक्क एका ठिकाणी होते म्हणून ते सहज जमलं. ते दीडशे पोरांत विखुरले असते तर?

दुसरा मुद्दा कोर्टाचा. २००३ च्या मार्चमध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर अब्ज डॉलरचा दावा ठोकला: आमचा युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घुसवला. खटल्याची धग काही वर्षांत उतरली, तरी पार शेवट व्हायला २०२१ उजाडलं. त्या भीतीच्या काळात ‘कुठली ओळ कुणी दिली, आणि द्यायचा त्याला अधिकार होता का’ हे सांगता येणं ही चैन राहिली नाही. तिसरा मुद्दा मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ चालवणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा, आणि तो जुना आहे: जीपीएल मोडणाऱ्या कंपनीला कोर्टात खेचायचं तर मालक एक असला की हात बळकट होतात. म्हणून त्यांच्या जीएनू या छत्राखालच्या प्रकल्पांत संपूर्ण कॉपीराइटच फाउंडेशनच्या नावे करून घेण्याची पद्धत पडली.

हे सगळं मान्य. आता बघा, त्याच एससीओच्या धक्क्यातून लिनक्सवाल्यांनी काय काढलं. २००४ मध्ये डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन आलं, आपण त्याला डीसीओ म्हणतो. चार छोटी कलमं आणि प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ म्हणून नाव. हे मी लिहिलं आहे, किंवा ज्याने लिहिलं त्याने हे देण्याची मुभा दिली आहे, आणि हे या परवान्याखाली जाणार हे मला माहीत आहे. बस. ज्यांनी अब्ज डॉलरच्या दाव्याचा घाम गाळला, जगातले निम्मे सर्व्हर ज्यांच्या खांद्यावर आहेत म्हटलं तरी अतिशयोक्ती होणार नाही, त्यांना वीस वर्षं ही एक ओळ पुरली आहे. मग महिन्यांची नावं दाखवणाऱ्या कॅलेंडरला पत्ता, देश आणि पुढे कुणालाही हक्क विकण्याची मुभा का लागावी? गिटहबची स्पर्धक गिटलॅब, तिने २०१७ मध्ये सीएलए सोडून डीसीओ घेतलं. जीसीसी या कंपायलरनेही, म्हणजे जीएनूच्या खुद्द बालेकिल्ल्यानेच, २०२१ मध्ये कॉपीराइट फाउंडेशनला देण्याची सक्ती उठवली. पेटंटची भीती दाखवणाऱ्यांना अपाची परवान्याची दुसरी आवृत्ती वाचायला द्यावी: तिसऱ्या कलमात पेटंटचा हक्क दिलेला आहे, आणि पाचवं सांगतं की वेगळं काही ठरलं नसेल तर आलेलं योगदान याच अटींवर आलं असं समजावं. अपाची फाउंडेशन स्वतः करार घेतं, पण ज्याला कमिटर करायचं, म्हणजे थेट कोड बदलायचा अधिकार द्यायचा, त्याच्याकडून. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या मानेवर तो ठेवत नाही.

परवाना बदलण्याच्या अडचणीवर तर मला उलटंच म्हणायचं आहे. आपल्याकडे चाळीस नावांचा सामाईक सातबारा असतो. त्याने भावकी हैराण होते, विहीर खणायची तरी सगळ्यांच्या सह्या. पण त्याच चाळीस नावांमुळे बिल्डरही हात हलवत परत जातो. लिनक्सचा परवाना आज कुणीच एकट्याने बदलू शकत नाही, आणि त्या अडचणीलाच मी त्याची तटबंदी समजतो. ज्यांच्याकडे सगळ्या सह्या एका फडताळात होत्या त्यांचं काय झालं? सन या कंपनीने ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या योगदात्यांकडून संयुक्त कॉपीराइट लिहून घेतला होता. २०१० च्या जानेवारीत सन ओरॅकलने घेतली आणि फडताळाची किल्ली ओरॅकलच्या कमरेला गेली. सप्टेंबरपर्यंत बिनीचे लोक लिबरऑफिस घेऊन बाहेर पडले, आणि त्यांच्या डॉक्युमेंट फाउंडेशनने कॉपीराइट मागितलाच नाही. हॅशिकॉर्पने २०२३ च्या ऑगस्टमध्ये टेराफॉर्म हे आपलं सॉफ्टवेअर मोझिलाच्या खुल्या परवान्यावरून स्पर्धकांना अडवणाऱ्या बिझनेस सोर्स लायसन्सवर नेलं, तेही बाहेरच्यांनी सही केलेल्या सीएलएच्या जोरावर. पुढच्याच वर्षी आयबीएमने ती कंपनी ६.४ अब्ज डॉलरला विकत घेत असल्याचं जाहीर केलं. शोधाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलास्टिकने हेच २०२१ मध्ये केलं. सही करताना एकानेही नियम मोडला नव्हता, परवाना बदलताना कंपनीनेही मोडला नाही. सगळं कायदेशीर. म्हणूनच विचारायला हवं की कायद्याने दिलेली ही मुभा आपण कुणाच्या हातून घेतो आहोत.

इथे मला स्वतःचाच कान धरायला हवा. रेडिस या डेटाबेसने २०२४ मध्ये परवाना बदलला तो सीएलएशिवाय बदलता आला, कारण त्याचा मूळचा बीएसडी परवानाच इतका सैल आहे की त्यावर कुणीही नवं कुलूप घालू शकतो. तेव्हा ‘करार काढून टाका की सगळं सुरक्षित’ हे भाबडेपण आहे. परवाना कुठला हेही तितकंच महत्त्वाचं. आमच्या शनिवारच्या मुलांना मी आता रेपो उघडल्यावर आधी लायसन्सची फाइल वाचायला लावतो. पहिले काही आठवडे त्यांना हा छळ वाटतो.

आता वसुली अधिकाऱ्याच्या प्रश्नाकडे येतो. कराराच्या इंग्रजीत जे ‘पर्पेच्युअल, इर्रिव्होकेबल’ आहे त्याला आपल्याकडे हजार वर्षांपासून शब्द आहे: आचंद्रार्क. चंद्रसूर्य असेतो. कोकणात शिलाहारांच्या काळातल्या दानशिळा आजही शेताच्या बांधावर, देवळाच्या मागे उभ्या सापडतात. वर चंद्र-सूर्य, मधे लेख, आणि खाली ते कुप्रसिद्ध चित्र, ज्यावरून त्यांना गधेगाळ म्हणतात. चित्र अर्वाच्य आहे, त्यातली शिवी बाईच्या अब्रूवर रचलेली आहे, आणि त्याबद्दल अभिमान वाटावा असं काही नाही. पण शिवी कुणाला आहे ते बघा. दान मोडणाऱ्याला. उद्या गादीवर येणाऱ्या राजाला, त्याच्या अधिकाऱ्याला, ज्याच्या हातात ते मोडण्याची ताकद आहे त्याला. सत्तेला मोह होणार हे गृहीत धरून शिळा लिहिली जायची. सीएलएमध्ये नेमकं उलटं आहे: आचंद्रार्क बांधला जातो तो देणारा, आणि घेणारा मोकळा. सतरा वर्षांच्या मुलीने शब्द फिरवायचा नाही, पण अब्जावधींची कंपनी सोमवारी सकाळी फिरवू शकते.

उलट वचन देणं अशक्य आहे का? मुळीच नाही, लोकांनी दिलं आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन कॉपीराइट घेतं तेव्हा ते काम पुढेही मुक्तच राहील असं करारातच बांधून देतं. युरोपातल्या भावंड संस्थेने बनवलेला आणि केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉप प्रकल्पाने स्वीकारलेला विश्वस्त परवाना करार आणखी पुढे जातो: विश्वस्ताने मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वांशी दगा केला तर हक्क मूळ लेखकाकडे परत. आणि गधेगाळीच्या सर्वांत जवळचा नमुना १९९८ चा आहे. क्यूटी ही केडीईचा पाया असलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, ट्रोलटेक या कंपनीची. तिच्याशी करार करून केडीई फ्री क्यूटी फाउंडेशन उभं राहिलं: कंपनीने बारा महिने क्यूटीची मुक्त आवृत्ती काढली नाही, तर फाउंडेशन ती बीएसडीसारख्या परवान्याखाली सगळ्यांना मोकळी करू शकेल. त्यानंतर क्यूटी ट्रोलटेककडून नोकियाकडे गेली, तिथून डिजियाकडे. मालक बदलले, अट टिकली. कंपन्यांना अशी अट परवडत नाही म्हणणाऱ्यांनी या पंचवीस-सत्तावीस वर्षांचा हिशोब द्यावा.

एकतर्फी सह्यांचा अनुभव आपल्या शेजारच्या धंद्यालाही आहे. हिंदी-मराठी चित्रपटांचे गीतकार आणि संगीतकार वर्षानुवर्षं सगळे हक्क निर्मात्याला लिहून देत आले. कॅसेट आली, रिंगटोन आली, गाणी वाजत राहिली, लिहिणाऱ्याच्या हातात काही नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला, त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत आणि बाहेर झगडले, आणि रॉयल्टीचा वाटा सही करूनही देऊन टाकता येणार नाही असं ठरलं. सही करणारा आणि करून घेणारा यांच्यातलं अंतर फार असलं की ‘त्याने राजीखुशीने केली’ हे पुरेसं नसतं, एवढं आपल्या संसदेने एकदा मान्य केलेलं आहे. कोडचं गाणं होत नाही, रॉयल्टीचा प्रश्न नाही, हे मला कळतं. तुलना पैशाची नाही, सहीच्या वेळच्या ताकदीची आहे.

वयाचा प्रश्न तर या वादात कुणी घेतच नाही, कारण वाद घालणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बी.टेक.चा विद्यार्थी असतो. दहावीनंतर डिप्लोमाला गेलेली मुलं सोळा-सतराची असतात, आणि आपल्याकडे कोडिंगला लागलेली कितीतरी हीच आहेत. १८७२ च्या करार कायद्याचं अकरावं कलम सांगतं की करार करायला माणूस सज्ञान हवा. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात ठरवलं की अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य. कलकत्त्याच्या त्या पोराने सावकाराकडे घर गहाण टाकलं होतं. गहाणखत रद्द झालं. कायद्याच्या मराठीत अठराच्या आतल्याला ‘अज्ञान’ म्हणतात हे त्या मुलीला सांगितलं तेव्हा ती जाम चिडली, पण तिच्याच गावच्या सातबाऱ्यावर तिच्या चुलत भावाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहिलेलं तिने पाहिलं होतं: अज्ञान पालनकर्ता, आई. आमच्या तलाठ्याच्या दप्तरात अज्ञानासाठी जागा आहे. त्या बॉटच्या फॉर्ममध्ये नव्हती. गूगलने कोड-इन ही स्पर्धा १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी चालवली तेव्हा पालकांची संमती घेतली जायची, म्हणजे जमत नाही असंही नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर डीसीओनेही हा पेच पूर्ण सुटत नाही, कारण परवाना देणारी मुलगी अज्ञानच राहते. पण ‘हे मी लिहिलं’ हे विधान खरं किंवा खोटं असतं, सतराव्या वर्षीही. शून्य करार गोळा करून ‘आमची बाजू भक्कम’ म्हणण्यापेक्षा खरं विधान गोळा करणं बरं. शिवाय अकरा ओळींचं काय घेऊन बसलात? जीएनू प्रकल्पाच्या मेंटेनरांसाठीच्या सूचनांत पंधराएक ओळींच्या आतला बदल कॉपीराइटच्या दृष्टीने दखलपात्र धरलेला नाही. जगातल्या सर्वांत काटेकोर मंडळींनी ही दुरुस्ती कागदाशिवाय घेतली असती.

आणि आता तो ‘एम्प्लॉयर’चा रकाना, ज्यावर मी गप्प बसलो होतो. नंतर वाचून काढलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पहिला मालक लेखक; नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल तर मालक नोकरी देणारा. विद्यार्थी कॉलेजचा नोकर नव्हे, तो तर फी भरतो. इथवर उत्तर सोपं. पण जीएनूच्या फॉर्ममध्येसुद्धा नोकरीबरोबर ‘तुमची शिक्षणसंस्था या बदलांवर हक्क सांगू शकेल का’ असं विचारलेलं असतं, आणि ते उगीच नाही. २०१९ मध्ये केंद्राने शिक्षणसंस्थांसाठी राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण आणलं. त्याची मांडणी अशी: संस्थेची साधनं किंवा पैसा लक्षणीय प्रमाणात वापरला असेल, किंवा निर्मिती अभ्यासक्रमाचा भाग असेल, तर बौद्धिक संपदा संस्था आणि निर्माता यांची संयुक्त; अभ्यासक्रमाबाहेर, संस्थेची साधनं न वापरता केली असेल तर पूर्णपणे निर्मात्याची. पेटंट, स्टार्टअप डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं हे वाजवी वाटतं. ते ओपन सोर्सला लावून बघा. ‘ओपन सोर्समध्ये योगदान दिलं तर क्रेडिट’ अशी योजना एखाद्या उत्साही विभागप्रमुखाने काढली, की त्या दिवसापासून ते काम अभ्यासक्रमाचा भाग. म्हणजे कॉलेज सहमालक. म्हणजे ‘हे देण्याचा मला पूर्ण अधिकार आहे’ या विधानावर, मग ते सीएलएमधलं असो की डीसीओतलं, त्या विद्यार्थ्याला एकट्याने सही करता येईल की नाही याचीच शंका. प्रोत्साहन म्हणून दिलेल्या दोन क्रेडिटनी त्याच्या पायात दोरी बांधली. कॉलेजला त्या अकरा ओळींतून कवडी मिळायची नाही, मिळवायचीही नाही. फक्त कुणी विचार केलेला नाही.

अंतिम वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टचं पहिलं पान आठवा. सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग, आत ‘हे काम अमुक विद्यार्थ्यांनी स्वतः केलं आहे’ असं प्रमाणपत्र, खाली गाइड, विभागप्रमुख, प्राचार्य आणि बाहेरचा परीक्षक यांच्या सह्या. अनेकदा चौघांनाही ठाऊक असतं की तो प्रोजेक्ट कुठल्या गल्लीतून, किती रुपयांना आला. खोट्या बोनाफाइडवर डोळे झाकून सही करायची सवय आपण मुलांना चार वर्षं लावतो आणि मग ती गिटहबवर वाचा-फाइलीत नाव घालत सुटली की कपाळावर हात मारतो. त्याच मुलांना प्रत्येक कमिटखाली, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक बदलाखाली, ‘हे मी लिहिलं’ असं स्वतःच्या नावाने म्हणायला लावणं हा त्या सवयीवरचा उतारा आहे, आणि म्हणूनही मला डीसीओ आवडतं. लांबलचक करारात हे होत नाही. तो न वाचण्यासाठीच लिहिलेला असतो.

प्रकल्पवाले म्हणतील, आमचे वकील ऐकत नाहीत. वकिलांना धोका कमी करायचा पगार असतो, नवी माणसं जोडायचा नाही; त्यांनी ऐकायचं की नाही हे ठरवणारे कुणी वेगळेच असतात. तिथवर माझा हात पोचत नाही. प्राचार्यांपर्यंत पोचतो. म्हणून त्या मुलीच्या तंत्रनिकेतनासाठी आम्ही एक परिच्छेद लिहून दिला: ‘विद्यार्थ्याने मान्यताप्राप्त मुक्त परवान्याखालील सॉफ्टवेअर प्रकल्पास दिलेल्या योगदानावर, ते संस्थेची साधने वापरून अथवा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेले असले तरी, संस्था कोणताही हक्क सांगणार नाही, अज्ञान विद्यार्थ्याच्या बाबतीत पालकाची लेखी संमती विभागात ठेवली जाईल.’ खाली सही-शिक्क्याची जागा. यात पैसे लागत नाहीत, समिती लागत नाही असं आम्हाला वाटलं होतं. वडिलांनी आपल्या संमतीचा कागद न सांगता स्टॅम्प पेपरवर करून आणला, आणि त्यात स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली की प्रकल्पाचा परवाना बदलल्यास ही संमती संपली असं समजावं. ती ओळ जगातल्या कुठल्या कोर्टात टिकेल मला माहीत नाही, पण मी ती खोडली नाही.

परिच्छेद जुलैत दिला. त्याला आवक क्रमांक मिळाला आहे. पुल रिक्वेस्ट उघडीच आहे, फुलीसकट. तोवर कॅलेंडरात ‘सप्’ संपून ‘ऑक्’ लागला.